५० हजार ते १ लाख भांडवल: स्विंग, इंट्राडे, ऑप्शन की सरळ इंडेक्स फंड?

नोकरी चालू आहे, बाजूला ५० हजार ते १ लाख रुपये साठलेत, शेअर बाजारात काहीतरी करायचंय पण नेमकं काय ते ठरत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. बहुतेक जण तुलना करताना कशात जास्त पैसा मिळतो हे विचारतात. माझ्या मते छोट्या भांडवलात आधी दोन गोष्टी बघाव्यात, एक सौदा चुकला तर किती जातं आणि प्रत्येक सौद्यामागे खर्च किती लागतो. दहा-वीस लाख असतील तर या दोन्ही गोष्टी पचून जातात, ५० हजारात नाही पचत.

स्विंग म्हणजे शेअर डिलिव्हरीत (पूर्ण पैसे देऊन स्वतःच्या खात्यात) घ्यायचा, दोन-चार दिवस ते तीन-चार आठवडे धरायचा आणि टार्गेट (ठरवलेला नफ्याचा भाव) किंवा स्टॉपलॉस (तोटा थांबवायचा भाव) जे आधी येईल तिथे बाहेर पडायचं. इंट्राडेत सगळं ९:१५ ते ३:३० च्या आत उरकायचं, तुम्ही नाही कापलं तर सव्वातीनच्या आसपास ब्रोकरच पोझिशन म्हणजे चालू सौदा कापतो (बंद करतो). बाकी दोन म्हणजे ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर किंवा इंडेक्स घेण्या-विकण्याच्या मुदतीच्या हक्काचा सौदा) आणि इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या, निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड), त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी खर्च, कारण यावर कुणी नीट बोलत नाही. समजा भांडवल ५० हजार, आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का म्हणजे ५०० रुपये गमवायची तयारी. शेअर ४०० ला आहे, चार्टवर स्टॉपलॉस ३८० ला बसतो, म्हणजे शेअरमागे २० रुपयांची रिस्क, ५०० भागिले २०, तर २५ शेअर घ्यायचे, १० हजार लागले. ४४० ला विकला तर नफा १००० रुपये. आता डिलिव्हरीवर एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) दोन्ही बाजूंनी ०.१ टक्का, म्हणजे घेताना १० आणि विकताना ११ रुपये, स्टॅम्प ड्युटी दीड रुपया, आणि विकताना डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) साधारण पंधरा-वीस रुपये. बरेच डिस्काउंट (कमी शुल्काचे) ब्रोकर डिलिव्हरीला ब्रोकरेज लावत नाहीत, तसं असेल तर सगळं मिळून ४० च्या आसपास जातात, नफ्याच्या ४ टक्के. ठीक आहे, चालतं.

पण हाच सौदा पाचच शेअरचा केला तर? नफा २०० रुपये आणि खर्च २० च्या पुढे, कारण डीपी चार्ज शेअर कितीही विका तेवढाच लागतो. म्हणून १० हजार रुपयांत पाच कंपन्या घेऊन स्विंग शिकायला बसू नका, तुमचा अंदाज बरोबर येऊनही हातात काही पडणार नाही. एका सौद्यात निदान ८-१० हजार जातील एवढं भांडवल झालं की मगच स्विंगला अर्थ आहे, आणि एका वेळी तीन किंवा चार सौदे, त्यापेक्षा जास्त नकोच. ब्रोकर डिलिव्हरीला प्रत्येक ऑर्डरमागे २० रुपये घेत असेल तर घेणं-विकणं आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून अजून ४७ रुपये वाढतात, तेव्हा खातं उघडायच्या आधी हे एक नक्की बघा.

आता तेच ५० हजार इंट्राडेत. इथे एसटीटी फक्त विकताना आणि ०.०२५ टक्केच, त्यामुळे स्वस्त वाटतं. पण इंट्राडे करणारा ५० हजारांचा सौदा करत नाही, तो ब्रोकरकडून मिळणारी पाचपटीची मुभा (मार्जिन) वापरून अडीच लाखांचा करतो. अडीच लाखांवर एसटीटी ६२ रुपये, दोन्ही ऑर्डरचं ब्रोकरेज ४०, एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प, जीएसटी सगळं धरून १३०-१३५ रुपये होतात. दिवसाला एकच सौदा आणि महिन्याला २० दिवस पकडले तरी २६००-२७०० रुपये, म्हणजे भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त, दर महिन्याला, नफा होवो ना होवो. शिवाय शेअर २ टक्के उलटा गेला की ५ हजार गेले, भांडवलाचे १० टक्के एका झटक्यात.

हा फरक किती मोठा आहे ते लागोपाठ सौदे चुकायला लागले की कळतं. ओळीने ८ सौदे चुकणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, मार्केट साइडवेज (ना वर ना खाली) असेल तर चांगल्या पद्धतीलाही हे होतं. दर वेळी १ टक्का गेला तर ५० हजारांचे ४६ हजार राहतात. दर वेळी १० टक्के गेले तर साडेएकवीस हजार राहतात आणि तिथून परत ५० हजारांवर यायला १३० टक्क्यांहून जास्त कमवावे लागतात. सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) जुलै २०२४ मध्ये इंट्राडेचा अभ्यास जाहीर केला, त्यात २०२२-२३ मध्ये कॅश मार्केटमध्ये (थेट शेअरच्या खरेदी-विक्रीत) इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झालेला दिसला, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये तोट्यातले ८० टक्के होते. म्हणजे जास्त सराव केला की जमेल हा समज इथे आकड्यांत दिसत नाही, उलट जितके सौदे जास्त तितके तोट्यातले जास्त.

पण एका बाबतीत इंट्राडे खरंच सरस आहे आणि ते मान्य करायला हवं, रात्रीची रिस्क तिथे नाही. स्विंगमध्ये तुम्ही झोपलेले असताना जगात काहीही होऊ शकतं. ७ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या टॅरिफमुळे निफ्टी जवळपास ५ टक्के खालीच उघडला. वरच्या उदाहरणातला शेअर ३८० च्या स्टॉपलॉसवर न थांबता थेट ३५२ ला उघडला तर ५०० ऐवजी १२०० रुपये जातात. आणि इथे एक बारीक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. नोकरीवाले जीटीटी (ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर) लावून ठेवतात, ते बरोबरच आहे, पण बऱ्याच ब्रोकरकडे जीटीटी ट्रिगर झाल्यावर, म्हणजे तो भाव आल्यावर, लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली न विकणारी) जाते. ट्रिगर ३८० आणि लिमिट ३७८ ठेवली आणि शेअर ३५२ ला उघडला तर ऑर्डर नुसती लटकून राहते, विक्री होतच नाही, आणि तुम्ही ऑफिसात निर्धास्त असता की स्टॉपलॉस लागलाय. लिमिट ट्रिगरपेक्षा बऱ्यापैकी खाली ठेवायची, म्हणजे निदान बाहेर तरी पडता येतं. अर्थात त्या ७ एप्रिलला निफ्टीचा दिवसभरातला तळ जवळपास उघडतानाच होता आणि बंद होताना घसरण ३ टक्क्यांच्या थोडी वर होती, म्हणजे उघडताच विकणाऱ्यांना सगळ्यात वाईट भाव मिळाला. यावर पक्का इलाज नाही, सौदा छोटा ठेवणं आणि तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी पोझिशन न धरणं एवढंच आपल्या हातात आहे.

शेअर कुठले हाही छोट्या भांडवलाचा खास प्रश्न आहे. पैसे कमी म्हणून लोक १५-२० रुपयांचे शेअर शोधतात कारण नग जास्त येतात, पण नगांचा आणि नफ्याचा काही संबंध नाही, टक्केवारी तीच. उलट अशा बऱ्याच शेअरना ५ टक्क्यांचं सर्किट (दिवसभरात भाव त्यापेक्षा जास्त हलू न देणारी मर्यादा) असतं, लोअर सर्किट लागलं की घेणाराच नसतो, स्टॉपलॉस कितीही नीट लावला तरी चार-चार दिवस अडकून बसता. दुसऱ्या टोकाला एमआरएफसारखा शेअर, एकाच नगाला लाखाच्या वर पैसे, तिथे ५०० रुपयांच्या रिस्कचं गणित बसूच शकत नाही. २०० ते १५०० रुपयांच्या मधले, रोज भरपूर उलाढाल असलेले, शक्यतो ज्यांचे फ्युचर ऑप्शन (पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) चालतात असे शेअर घ्या.

टॅक्समध्ये निकाल एकतर्फी नाही. स्विंगचा नफा शॉर्ट टर्म कॅपिटल गेन (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा नफा) धरतात, २३ जुलै २०२४ पासून त्यावर सरळ २० टक्के, आधी १५ होते. पगारावर रिबेटमुळे (ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या करसवलतीमुळे) टॅक्स शून्य येत असला तरी नव्या करपद्धतीत हे २० टक्के त्या रिबेटमधून सुटत नाहीत, यात खूप जण फसतात. इंट्राडेचा नफा मात्र स्लॅबप्रमाणे, म्हणजे खालच्या स्लॅबवाल्याला कमी बसू शकतो. तोटा झाला तर स्विंग बरं, तो शॉर्ट आणि लाँग टर्म दोन्ही नफ्यातून वजा करता येतो आणि ८ वर्षं पुढे नेता येतो, इंट्राडेचा तोटा फक्त इंट्राडेसारख्या सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो आणि ४ वर्षंच चालतो. दोन्हीसाठी रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे.

ऑप्शनवर फार लिहीत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्यानंतर सेबीने इंडेक्सच्या काँट्रॅक्टची (एका सौद्याची) किमान किंमत १५ लाख केली. चार-पाच हजारांत प्रीमियम (ऑप्शनची किंमत) भरून ऑप्शन घेता येतो म्हणून ते छोट्या भांडवलाचं साधन वाटतं, पण दिशा बरोबर असूनही वेळ गेला की प्रीमियम वितळतो. ५० हजारवाल्याने हे घेऊ नये, माझं मत इथे अगदी ठाम आहे.

राहिला इंडेक्स फंड. खर्च नगण्य, वेळ शून्य, पण मार्केट पडलं की तुम्हीही पडणार, २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी ३५ टक्क्यांहून जास्त खाली आला होता आणि तेव्हा नुसतं बसून राहावं लागलं. तरी स्विंगची तुलना नेहमी याच्याशीच करा. वर्षभर रोज संध्याकाळी तास-दीड तास चार्ट बघून, २० टक्के टॅक्स भरून, चार्जेस देऊन जे उरलं ते इंडेक्स फंडाने त्याच काळात दिलं असतं त्यापेक्षा जास्त आहे का, हा हिशोब वहीत नाहीतर एक्सेलमध्ये लिहूनच ठेवायचा.

तर एक लाख असतील तर ५०-६० हजार इंडेक्स फंडात आणि उरलेल्यात स्विंग, ते पण फक्त डिलिव्हरीत, स्वतःच्या पैशात, एमटीएफ (शेअर घ्यायला ब्रोकरकडून व्याजाने उधार) न घेता, कारण एमटीएफवर रोज व्याज चढतं आणि मग स्टॉपलॉसपेक्षा व्याजाचीच घाई व्हायला लागते. ५० हजारच असतील आणि संध्याकाळी वेळ मिळतो तर २५ हजारांत दोन सौद्यांपुरतं सुरू करा, त्या वेळी ५०० ऐवजी २५० ची रिस्क धरा, आणि त्यामुळे सौदा ८-१० हजारांखाली आला तर खर्चाचा वाटा वाढतो हे धरून चाला. नोकरी शिफ्टची असेल, संध्याकाळचा भरवसा नसेल, किंवा तेच पैसे सहा महिन्यांनी फीला नाहीतर घरभाड्याच्या डिपॉझिटला लागणार असतील तर स्विंग नको, आणि हे डिपॉझिटचे पैसे इंडेक्स फंडातही नकोत, ते एफडीत राहू द्या.