पहिलं युकुलेले घरी बनवताना: किट की फळी, आणि गोव्याच्या हवेत पॉलिश कोणतं?

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य, स्वतः बनवायचं ठरलं की माणूस आधी लाकडाच्या मागे लागतो. हवाईचा कोआ मिळेल का, महोगनी चालेल का, परसातल्या फणसाचं काय? माझ्या मते गोव्यात राहणाऱ्याने लाकडाचा विचार शेवटी करावा. आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: यातलं किती काम स्वतःच्या हाताने करायचं, आणि वर पॉलिश कोणतं चढवायचं. पॉलिश ठरलं की काम कोणत्या महिन्यात करायचं तेही ठरतं. आपल्याकडे महिना चुकला तर उत्तम लाकूडसुद्धा दगा देतं.

हे काम आपल्या आवाक्यातलं आहे का, अशी शंका ज्यांना येते त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यात मॅन्युएल नुनिस, ऑगस्टो डायस आणि जुझे दो इस्पिरितो सांतो हे तिघे होते. तिघेही फर्निचर करणारे सुतार. मदेरातल्या ‘मशेत’ या छोट्या चार तारांच्या वाद्यावरून त्यांनी तिथे जे घडवलं, ते युकुलेले. म्हणजे हे वाद्य जन्मलंच सुताराच्या बाकावर. रंधा, पटाशी, कानस आणि क्लॅम्प एवढ्यावर त्याचा बराचसा भाग होतो.

तीन वाटा

पहिली वाट तयार पेटीच्या किटची. यात पेटी, म्हणजे वाद्याचं पोकळ अंग, आधीच बंद केलेली असते, बहुधा प्लायची. तुम्ही मान चिकटवायची, ब्रिज (पेटीवर तारा अडकवायची पट्टी) बसवायचा, खुंट्या लावायच्या आणि रंग द्यायचा. शनिवार-रविवारचं काम आणि वर वाळण्याचे दिवस. प्लाय आपल्या पावसाळ्यात फारसा हलत नाही, हा मोठा फायदा. तोटा आवाजाचा. वरची फळी जाड आणि थरांची असल्यामुळे स्वर लवकर विझतो. शाळकरी मुलासोबत करायचं असेल किंवा पॉलिशचा हात बसवायचा असेल तर ही वाट उत्तम. त्यापलीकडे हिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

दुसरी वाट खऱ्या किटची. वरची आणि मागची फळी हव्या त्या जाडीला आणलेली, बाजूच्या पट्ट्या वाकवलेल्या, फिंगरबोर्डवर (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) फ्रेटचे, म्हणजे स्वरांच्या आडव्या धातूपट्ट्यांचे, खाचे कापलेले आणि मान ढोबळ आकारात. आतल्या आधारपट्ट्या लावणं, पेटी बंद करणं, मानेचा कोन जुळवणं, फ्रेट ठोकणं, ब्रिज आणि पॉलिश हे सगळं तुमच्याकडे.

तिसरी वाट फळीपासूनची. वखारीतून लाकूड आणून ते दोन मिलिमीटरपर्यंत रंधायचं, साचा करायचा, तापलेल्या लोखंडी पाइपवर ओल्या पट्ट्या वाकवायच्या आणि फ्रेटचे खाचे स्वतः कापायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेतला खरा फरक दोन कामांत आहे: वाकवणं आणि खाचे. वाकवताना पट्टी मोडली तर दुसरी घेता येते. खाच्यांना मात्र माफी नाही. फ्रेटचं अंतर काढायचा नियम असा: उरलेल्या तारेची लांबी १७.८१७ ने भागा. कॉन्सर्ट या मधल्या मापात तारेची लांबी ३८१ मिलिमीटर धरली तर पहिला फ्रेट नटापासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) २१.३८ मिलिमीटरवर येतो, दुसरा त्याच्यापुढे २०.१८ वर, आणि बारावा बरोबर निम्म्यावर. वर जाल तशी घरं लहान होतात, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे कानाला सरळ बोचते. एकदा खाचा चुकला की वाद्य कायमचं बेसूर. म्हणून पहिल्या वेळी खाचे यंत्राने कापलेलेच घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगतो. फळीपासून सुरुवात करणाऱ्यानेही फिंगरबोर्ड तेवढा तयार मागवावा. त्यात कमीपणा काही नाही.

माझं मत विचाराल तर नवशिक्यासाठी दुसरी वाट, आणि माप कॉन्सर्ट. सोप्रानो, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर तारेचं, इतकं लहान असतं की आत हात घालून काम करणं कठीण जातं. टेनर ४३ सेंटिमीटरचं. त्यात लाकूड जास्त लागतं आणि ताणही जास्त येतो. परदेशातून किट मागवलं तर पोस्टेज आणि सीमाशुल्क धरूनच किंमत मोजा, नाहीतर हिशेब फसतो.

ज्यांचा रंध्यावर हात बसलेला आहे, घरात बाक आहे, कदाचित वडील किंवा आजोबा हेच काम करत, त्यांनी खुशाल तिसऱ्या वाटेने जावं. अशा माणसाला किटमध्ये अडकवणं म्हणजे त्याचा आनंद हिरावून घेणं.

लाकूड, थोडक्यात

फणस आपल्याकडे मुबलक, आणि दक्षिणेत वीणा आणि मृदंग त्याच्यापासूनच होतात. त्याचा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तांबूस तपकिरी होतो. शिवण हलकी आणि वाळल्यावर फारशी न हलणारी. सागवान टिकाऊ, पण तेलकट. चिकटवण्याआधी सांध्याची जागा थिनरने पुसली नाही तर सरस धरत नाही. शिसव फिंगरबोर्ड आणि ब्रिजसाठी उत्तम.

घरचं झाड तोडायचा विचार असेल तर दोन गोष्टी. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या कायद्याखाली परवानगी लागते. आणि ताजी फळी वाळायला साधारण इंचाला एक वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. त्यापेक्षा मला वाटतं, गोव्यात लाकडाचा सगळ्यात चांगला साठा जुन्या घरांत पडून आहे. फोंड्यापासून म्हापशापर्यंत जुनी घरं पाडली जातात, तेव्हा खिडक्यांच्या झडपा, पलंगाच्या फळ्या आणि कपाटांची दारं जळणाच्या भावाने जातात. त्या सागवानाने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात, ते आता कुठे हलणार? खिळे मात्र चुंबक फिरवून शोधा, रंध्याचं पातं वाचेल.

फळी निवडताना तिचं टोक बघा. वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला उभ्या, काटकोनात हव्यात. आडव्या किंवा कमानदार रेषांची फळी पावसाळ्यात बाक धरते.

हवा आणि महिना

जुलैच्या हवेत ८५ ते ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकूड जवळपास १८ टक्के पाणी धरून बसतं. कोरड्या दिवसांत, हवा ६० टक्क्यांवर उतरली की ते अकरावर येतं. युकुलेलेची पेटी खाली साधारण २० सेंटिमीटर रुंद. पावसाळ्यात चिकटवली असेल तर एवढ्या फरकात तिची फळी आडवी दोनेक मिलिमीटर आकसते. आतल्या आधारपट्ट्या आडव्या चिकटवलेल्या असल्याने त्या तशा आकसत नाहीत. मग ताण फळीवर येतो आणि ती चिरते. उलट कोरड्या दिवसांत चिकटवलेली पेटी पावसाळ्यात थोडी फुगते, तारा किंचित उंच होतात, आणि हवा उतरली की सगळं जागेवर येतं. फुगणं परत फिरतं, चीर परत फिरत नाही. एसीच्या खोलीत वाद्य ठेवणाऱ्यांनी तर हे दुप्पट लक्षात ठेवावं.

म्हणून तुळशीच्या लग्नापासून शिगम्यापर्यंत काम करा. चवथीच्या आरत्यांना नवं युकुलेले वाजावं अशी इच्छा पुष्कळांची असते. ती पुरी करायची तर आदल्या शिगम्यापर्यंत वाद्य तयार हवं. आषाढ-श्रावणात पेटी बंद करू नका. खोलीत साधा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, टांगा. आधारपट्ट्या चिकटवताना काटा ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावा. नसेल तर मोठ्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून फळ्या काही दिवस त्यात ठेवाव्यात. सरस म्हणून घरचा पांढरा फेव्हिकॉल पेटीच्या सांध्यांना चालतो. पण सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो, त्यामुळे ब्रिजला टाइटबॉण्ड ओरिजिनलसारखा कडक सुकणारा सरस वापरा.

पॉलिश

इथे मी थोडा वेळ घेतो, कारण नवशिक्याचं वाद्य बिघडतं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

तेल सगळ्यात सोपं. शिजवलेलं जवसाचं तेल, टंग तेल किंवा बंदुकीच्या दस्त्यांना लावतात ते ट्रू-ऑइल. कापडाने पातळ पुसायचं, वाळू द्यायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा पुसायचं. चार-सहा हात पुरतात. ब्रशच्या रेषा नाहीत, थेंब नाहीत. आवाज मोकळा राहतो, कारण थर जाड होतच नाही. उणीव अशी की घाम आणि ओरखडे यांपासून संरक्षण कमी. साधं जवसाचं तेल बंद कपाटात पावसाळा काढताना काळी बुरशीही धरतं, ट्रू-ऑइलसारखं तेल त्या मानाने बरं. घरातलं खोबरेल कधीही लावू नका. ते वाळणारं तेलच नाही, वर्षभर चिकट राहील. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

चपडी म्हणजे लाखेचं पॉलिश हे माझ्या मनाचं पहिलं. लाख आपल्याच देशातली, झारखंडच्या जंगलांतली. चपडीचे पापुद्रे पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचे: ब्रशसाठी १०० मिलीला २५ ग्रॅम, बोळ्यासाठी १५. सुती कापडात कापूस गुंडाळून केलेला बोळा हातभर लांब, हलक्या फटक्यांनी फिरवायचा, एका जागी थांबायचं नाही. दर हात मिनिटांत सुकतो आणि नवा हात जुन्यात विरघळून एक होतो. त्यामुळे पुढे ओरखडा पडला तरी तेवढीच जागा दुरुस्त होते. हा गुण पीयूत नाही. पण स्पिरिट हवेतलं पाणी ओढतं. दमट दिवशी बोळा फिरवलात तर थराखाली पांढुरकं धुकं येतं. कोरड्या दुपारी नुसत्या स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की ते बहुधा जातं. उघड्या कोपराच्या घामाने चपडी मऊ पडते हेही खरं, आणि आपल्याकडे घाम कुणाला चुकला आहे? बाटलीवर तारीख लिहा. जुन्या द्रावणाचा थेंब काचेवर टाकून बघा, रात्रभरात कडक झाला नाही तर ओतून द्या.

लॅकर आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे फवाऱ्याचं काम. फर्निचरवाल्याकडून करून घेता येतं. पीयू घामाला, खाऱ्या वाऱ्याला आणि पावसाळ्याला सगळ्यात चांगलं तोंड देतं. पण दारं-टेबलं करणाऱ्याच्या हाताला जाड थराची सवय असते, आणि जाड थर युकुलेलेचा आवाज दाबतो. त्याला आधीच सांगा: फक्त तीन पातळ हात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ बसतं, पण तेही दमट हवेत पांढरं पडतं आणि पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतं. दोन्हींच्या वाफा छातीला वाईट. घरात, मुलाबाळांत, मास्कशिवाय हे करू नका.

तेव्हा प्लायच्या किटला पीयू, कोरड्या महिन्यांत वेळ काढू शकणाऱ्याला चपडी, आणि शिगमा उलटून गेला असेल, हात मोकळा नसेल तर ट्रू-ऑइल.

कोणतंही पॉलिश घेतलं तरी एक काम आधी करा. ब्रिज जिथे बसणार ती जागा मोजून मास्किंग टेपने झाका. ब्रिजच्या बाह्यरेषेपेक्षा टेप मिलिमीटरभर आत ठेवा, म्हणजे नंतर पॉलिशची कड ब्रिजखाली लपते. पॉलिश झाल्यावर टेप ब्लेडने उचला, कोऱ्या लाकडावर ब्रिज चिकटवा आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. पॉलिशवर चिकटवलेला ब्रिज ताणाखाली उखडतोच. चार तारांचा मिळून ताण १५ ते २० किलोच्या घरात असतो. फिंगरबोर्डवरही टेप लावा, शिसवाला पॉलिश लागत नाही.

तारा नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्याच लावा, स्टीलच्या कधीच नाहीत. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खुंट्या घेताना दोन पैसे जास्त गेले तरी गंज न धरणाऱ्या घ्या. नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात, जी-सी-ई-ए या चार स्वरांवर पुन्हा पुन्हा आणाव्या लागतात. त्या दिवसांत ब्रिजची मागची कड रोज तपासा. जाड कागदाचं टोक तिथे आत शिरू लागलं तर लगेच तारा सैल करा, ब्रिज काढा, जागा खरवडून पुन्हा चिकटवा.