आईस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट: घरच्या फ्रीजरमध्ये काय ठेवावं?

दुकानातल्या काचेच्या फ्रीजरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी मांडलेली असतात. साखर दोन्हींत भरपूर, हिरवा ठिपका दोन्हींवर. खरा फरक स्निग्धांशाचा. लो फॅट, मीडियम फॅट सोडून नुसतं 'आईस्क्रीम' म्हणून विकायचं तर त्यात किमान १० टक्के स्निग्धांश हवा आणि तो दुधाचाच हवा. फ्रोझन डेझर्टमध्ये खाद्य वनस्पती तेल चालतं.

फ्रोझन डेझर्टवर उगाच अन्याय नको. त्यातही दुधाची पावडर असते, आणि खाद्य तेल म्हणजे डालडा नव्हे. अमूलच्या जाहिरातीत तसं सुचवलं गेलं, तेव्हा २०१७ मध्ये फ्रोझन डेझर्ट विकणारी हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या जाहिराती थांबवल्या. शिवाय हे बहुधा स्वस्त पडतं. चॉकलेटचं कवच आणि दाणे असलेल्या कोनात तरी मला चवीचा फरक कळत नाही. वाढदिवसाला पोरांची फौज येणार असेल तर बिनधास्त तेच आणा.

साध्या व्हॅनिलात किंवा सीताफळात मात्र मला तो जाणवतो. तेलाचा वितळणबिंदू ३७ अंशांच्या वर नसावा असा नियम आहे, म्हणजे ते तोंडात विरघळायला हवं. तरी टाळूवर पातळसा थर राहिल्यासारखं वाटतं. सगळ्याच कंपन्यांच्या बाबतीत असं होईल असं नाही, आणि तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

माझा निर्णय चवीपेक्षा लेबलामुळे झाला. पदार्थ फ्रोझन डेझर्ट आहे आणि त्यात तेल आहे, हे पाकिटावर छापावंच लागतं, आणि ते छापलेलं असतंही. पण कुठे? कंपनीचं नाव ठळक, फ्लेवर त्याहून ठळक, आणि ही ओळ डब्याच्या खालच्या कडेला, बर्फाच्या थराखाली. अंगठ्याने बर्फ खरवडून वाचावी लागते. घरपोच मागवताना तर अंगठाही उपयोगाचा नाही: अ‍ॅपवर सगळं 'आईस्क्रीम' याच विभागात, नावात फक्त फ्लेवर, आणि डब्याची मागची बाजू बऱ्याचदा दाखवलेलीच नसते. लग्नात वाटीत पडलेल्या गोळ्याला तर लेबलच नसतं. केटरर ठरवताना आधी डबा दाखवायला सांगा.

याउलट डब्यावर 'आईस्क्रीम' हा शब्द दिसला की स्निग्धांश कशाचा हे शोधायची गरज उरत नाही. तो शब्द वापरायचा तर कायद्याची अट पाळावी लागते. थोडे जास्त पैसे मोजून मी ते घेतो. तुमचं बजेट घट्ट असेल तर फ्रोझन डेझर्टही चालेल, फक्त डबा उलटा करून तेल कोणतं आणि किती टक्के ते वाचा. मी पाहिलेल्या बऱ्याच डब्यांवर ते पामचं होतं.