कोथरूड, बाणेर की कोरेगाव पार्क? सहकुटुंब जाता येईल असं फाइन डाइन पुण्यात कुठे काढावं

भाची आणि भाचेजावई, दोघंही चांगल्या नोकऱ्या सोडून हॉटेल काढायचं म्हणतात. घरच्यांचं समजावून झालं, ऐकत नाहीत म्हटल्यावर प्रकरण मामाकडे आलं. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. त्यातली आठ स्वतःच्या जागेत, बाकीची दुसऱ्यांच्या. त्यामुळे 'नको' म्हणायचा अधिकार मला फारसा नाही.

त्यांच्या डोक्यातलं हॉटेल असं: दिवे मंद, ताटं जड, वाढप तालेवार, पण पोराने सूप सांडलं तर शेजारच्या टेबलावरून कुणी वळून बघणार नाही. आजी-आजोबा, आई-वडील, मुलं अशी एका टेबलावर सात-आठ माणसं. सत्तर खुर्च्या. एका शनिवारी आम्ही तीन गाळे पाहिले: डहाणूकर कॉलनीच्या बाजूला तळमजल्यावरचा एक, बालेवाडी हाय स्ट्रीटच्या पट्ट्यात पहिल्या मजल्यावरचा एक आणि कोरेगाव पार्कच्या एका गल्लीत अंगण असलेला जुना बंगला. तिन्ही ठिकाणी भाचीने आधी भिंती बघितल्या. मी जिना बघितला.

कारण सांगतो. माझी स्वतःची जागा पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण ती वरच्या ऑफिसांची. रविवारी हमखास बंद. एकदा नऊ जणांचं कुटुंब आलं, आजींनी चार पायऱ्या चढून कठड्याला हात टेकला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा, मी गाडीत बसते." गाडीत कोण बसू देणार? नऊच्या नऊ माणसं परत गेली. दोघांसाठीचं हॉटेल गच्चीवरही चालतं. कुटुंबासाठीचं हॉटेल घरातल्या सगळ्यांत थकलेल्या गुडघ्यांच्या उंचीवर असावं लागतं.

आधी भाड्याचं गणित

जागामालक भाडं सांगतो तेव्हा त्यावरचा जीएसटी सांगत नाही. व्यावसायिक जागेच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. मालकाची नोंदणी नसली तरी सुटका नाही. 10 ऑक्टोबर 2024 पासून तो नोंदणीकृत भाडेकरूनेच भरायचा. आणि आपण ग्राहकाकडून 5 टक्के घेतो ते इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे भाड्यावर भरलेला कर परत मिळत नाही. बुडीत खात्यातच धरायचा.

समजा भाडं 3 लाख. करासकट 3 लाख 54 हजार. भाडं विक्रीच्या पंधरा टक्क्यांवर गेलं की मालकासाठीच राबायचं, हा धंद्यातला जुना ठोकताळा. म्हणजे महिन्याला 23 लाख 60 हजारांची विक्री हवी. दरडोई 900 रुपये धरले तर सुमारे 2,620 माणसं. सोमवार ते गुरुवार रोज 45 आणि शुक्रवार ते रविवार रोज 150 माणसं आली तर हे कसंबसं जमतं. 150 म्हणजे सत्तर खुर्च्या एका दिवसात दोनदा भरून वर दहा. भाडं 5 लाख झालं तर हाच आकडा 4,370 वर जातो, म्हणजे रोज सरासरी 146. सोमवारीसुद्धा.

हे आकडे हिशेबापुरते धरलेत. तुमच्या गाळ्याचे घालून बघा. पण सोमवारी कोण येणार, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारायचाच.

कोथरूड

इथे सोमवारी फारसं कुणी येत नाही. शुक्रवारी रात्रीपासून मात्र रांग लागते, आणि तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं. साडेसातला आजी-आजोबा आणि लहान मुलं असलेली कुटुंबं, नऊ-सव्वानऊला दुसरी फेरी. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातला प्रयोग सुटला की उशिराची आणखी चार टेबलं. रविवारी दुपारी वाढदिवस, साठीशांत, परदेशातून आलेला मुलगा. कुटुंबाच्या हॉटेलला टेबल दोनदा भरणं जितकं कोथरुडात सोपं, तितकं पुण्यात क्वचित कुठे असेल, कारण पहिली फेरी खरोखर लवकर जेवते.

12 ऑगस्ट 2023 ला चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल खुला झाला. बावधनचे लोक त्याआधी चौकाच्या धास्तीने घराबाहेर पडत नव्हते. आता कोथरुडात जेवायला येणं त्यांना जड जात नाही. वनाझ ते रामवाडी मेट्रोही आहे, पण झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन कुणी मेट्रोने घरी जात नाही. तिचा उपयोग दुपारच्या पाळीला कामावर येणाऱ्या मुलांना होतो. रात्रीची भांडी होईपर्यंत तीही थांबलेली असते, तेव्हा परतीच्या गाडीचा खर्च धरून ठेवा.

आता खोड्या. पहिली, गिऱ्हाईक मनात थाळीचा भाव घेऊन येतं. सुकांता, दुर्वांकुर, श्रेयस या थाळीवाल्या हॉटेलांनी या शहराला पोटभर म्हणजे किती हे शिकवून ठेवलंय. पाच तुकडे पनीर आणि वर एक पान, याला इथे 'नाजूक' म्हणत नाहीत, 'कमी' म्हणतात. दरडोई 900 मिळवायचे तर दोघांत पुरेल असं वाढावं लागेल.

दुसरी, श्रावण. श्रावण, गणपती, पुढे पितृपक्ष आणि नवरात्र, असे अडीच महिने मटण-मासळीचं पान कोपऱ्यात जातं. मार्गशीर्षातले गुरुवार वेगळेच. पितृपक्षात तर कुणी वाढदिवससुद्धा बाहेर करत नाही. शाकाहारी पदार्थ उपचार म्हणून ठेवलेलं हॉटेल इथे सप्टेंबर काढू शकत नाही.

तिसरी खोडी सगळ्यांत महाग: सोसायटी. कोथरुडातले बरेच गाळे राहत्या इमारतीच्या खाली आहेत. स्वयंपाकघराच्या धुराचा डक्ट गच्चीपर्यंत न्यायचा तर सोसायटीची मंजुरी लागते, आणि सुरमई तळल्याचा वास तिसऱ्या मजल्यावर गेला की मंजुरी देणारेच तक्रार करतात. मालकाचं तोंडी "होऊन जाईल" इथे चालत नाही. सभेचा ठराव, त्यात डक्टचा मार्ग आणि मांसाहाराचा स्पष्ट उल्लेख, हे हातात आल्याशिवाय डिपॉझिटचा चेक फाडू नये. समोरच्या फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायच्या जागेत, चार टेबलं टाकू, हा विचारही सोडा. महापालिकेची कारवाई झाली की तुटतो तो मांडव आणि जातो तो शनिवार.

नदीकडेच्या डीपी रोडवर, म्हात्रे पूल ते राजाराम पुलाच्या पट्ट्यात, गाड्या लावायला ऐसपैस जागा दिसते आणि मोह होतो. आधी निळी पूररेषा, म्हणजे जिच्या आत बांधकाम चालत नाही ती, कुठून जाते ते नकाशावर बघा. लॉन आणि हॉटेलांवर तिथे बुलडोझर फिरलेले आहेत.

बाणेर-बालेवाडी

सोमवारी कोण येणार, याचं उत्तर इथे आहे. दुपारी ऑफिसची टेबलं, रात्री स्वयंपाकाचा कंटाळा आलेली दोघं कमावणारी जोडपी. आणि या लोकांना 900 रुपये खटकत नाहीत.

पण 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ इथे वेगळा. नवरा, बायको, एक मूल, कधी गावाहून आलेले आई-वडील. सात-आठ जणांचं टेबल सहसा ऑफिसचं निघतं. चार खुर्च्यांची टेबलं जास्त ठेवा, मुलांसाठी उंच खुर्च्या भरपूर ठेवा, आणि खेळायला एक कोपरा असला तर तो डेझर्टपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणतो. जेवणाच्या वेळाही उशिराच्या. साडेसातला हॉल रिकामा, पावणेनऊला सगळे एकदम. म्हणजे दुसरी फेरी भरत नाही, नुसती दारात खोळंबते.

उपासाचं पंचांगही निराळं. उत्तर भारतीय कुटुंबं भरपूर, आणि त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी सुरू होतो. दोन्ही मिळून दीड महिना. चैत्रातलं नवरात्रही ते पाळतात, कांदा-लसणाशिवाय. कोथरूडचा मेन्यू जसाच्या तसा इथे आणला तर मार्च-एप्रिलमध्ये फसाल.

पाण्याचं कुणी बोलत नाही. बाणेर-बालेवाडीतल्या कित्येक इमारती टँकरवर जगतात. सत्तर खुर्च्यांच्या हॉटेलात दिवसभर भांडी, भाज्या, फरशी, स्वच्छतागृह. उन्हाळ्यात टँकर शनिवारी संध्याकाळी आला नाही तर मंद दिवे कामाला येत नाहीत. आम्ही पाहिलेल्या गाळ्याच्या एजंटला मी पाण्याचं विचारलं तर त्याने पार्किंग दाखवलं. ते मात्र छान होतं.

आणखी एक: हाय स्ट्रीटच्या पट्ट्यात पाट्या फार लवकर बदलतात. नवीन काही उघडलं की सगळे तिकडे, सहा महिन्यांनी पुढच्या पाटीकडे. भाची म्हणाली, "मामा, पण गर्दी बघ ना." गर्दी रस्त्यावर होती. मी तिला जिन्याशी उभं करून पंधरा मिनिटं वर जाणारी माणसं मोजायला लावली. त्यानंतर ती गप्प होती.

कोरेगाव पार्क

तिघांत सुंदर जागा हीच. जुनं झाड, फरसबंद अंगण, सगळं तळमजल्यावर. भाचेजावयाने तिथे उभ्या उभ्या हॉटेलचं नाव ठरवलं.

फाइन डाइनसाठी इथला गिऱ्हाईक तयार आहे, शिकवावा लागत नाही. मलाका स्पाइस 1997 पासून याच भागात आहे. म्हणजे चांगलं असेल तर इथले लोक टिकवतात, वर्षानुवर्षं येतात. श्रावणाचा धसका नाही, भाव विचारत नाहीत.

अडचण एवढीच की इथलं भाडं बारच्या जोरावर भरायचं असतं. वरच्या गणितात 900 च्या जागी 1,800 घाला, माणसं निम्मी लागतात. ते 1,800 ताटातून नाही येत, ग्लासातून येतात. मग परमिट रूमचा परवाना आला, त्याची दरसालची फी, शाळा-मंदिरापासूनच्या अंतराची अट, बिअर-वाइनला 21 आणि हार्ड लिकरला 25 वर्षं वयाची खातरजमा. हे सगळं जमतं, जमवणारे आहेत. पण दहानंतर संगीताचा आवाज वाढतो आणि शेजारच्या टेबलावर मोठ्याने हसू लागतात, तेव्हा कोथरूडहून आलेली आजी लेकाकडे बघते. ते कुटुंब पुन्हा येत नाही. दारू ठेवायचीच तर वेगळी खोली, वेगळं दार. सत्तर खुर्च्यांत ते करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतं.

शिवाय अंगणावर छप्पर टाकायचं म्हणाल तर ते मंजूर नकाशात आहे का बघा. 28 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरल्या हॉटेलांना आग लागली, 14 माणसं गेली. त्यानंतर अग्निशमनवाले ताडपत्री आणि बांबूच्या शोभेकडे पाहून हसत नाहीत, आणि हसूही नये.

मॉलबद्दल दोन वाक्यं. विमाननगरचं फिनिक्स किंवा वाकडचं नवं, दोन्हीकडे लिफ्ट, पार्किंग, स्वच्छतागृह, मुलांचं खेळणं सगळं आयतं मिळतं. पण ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, जे जास्त असेल ते, आणि वर देखभाल आकार. पहिल्याच हॉटेलासाठी तो जुगार मी खेळणार नाही.

मग सांगितलं काय? आजी-आजोबा, नातवंडं हे खरोखर गिऱ्हाईक हवं असेल तर कोथरूड, सोसायटीचा ठराव हातात असेल तरच. आठवड्याचे सातही दिवस चालणारं हवं आणि 'कुटुंब' म्हणजे तिघं चालत असतील तर बाणेर, तळमजला मिळाला आणि पाण्याची लेखी खात्री असली तर. दाखवलेला पहिला मजला नकोच. कोरेगाव पार्क दुसऱ्या हॉटेलसाठी राखून ठेवा, पहिल्यातून बार चालवणारा माणूस हाताशी आला की.

भाचेजावई नाराज आहे, त्याने नावाचा लोगोही काढून घेतला होता. पण कोथरूडच्या मालकाने सोसायटीच्या सचिवांची गाठ घालून द्यायचं कबूल केलंय, येत्या रविवारी सकाळी अकराला. डक्टचा नकाशा भाची काढून आणणार आहे, आणि मी माझ्या बहिणीला बरोबर नेणार आहे. रस्त्यापासून त्या गाळ्याला तीन पायऱ्या आहेत, आणि तिचा डावा गुडघा दोन वर्षं धरलेला आहे.