होमर, सेवर्ड की नॉर्वे : हॅलिबटसाठी पुणेकरानं कुठे जावं?

मुळशी-पानशेतच्या काठावर गळ टाकून बसणारे आणि सुट्टी मिळाली की हर्णैला बोट ठरवणारे पुण्यात कमी नाहीत. त्यातल्या कुणाची लेक सिएटलला असली की प्रश्न निघतोच : एवढं लांब जातोच आहोत, तर हॅलिबटसाठी कुठे जायचं? मग अलास्कातलं होमर, सेवर्ड आणि कुणीतरी मध्येच नॉर्वे काढतं.

हॅलिबट तळाला वाळू-खडीवर पडून राहणारा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. हिवाळ्यात अंडी घालायला खोल पाण्यात उतरतो, उन्हाळ्यात किनाऱ्याकडे सरकतो. त्यामुळे कुठेही गेलात तरी साधारण मे ते सप्टेंबरमध्येच जा.

अलास्कातलं मोठं शहर अँकरेज. तिथून सेवर्ड सुमारे २०० किलोमीटर, होमर ३५५. म्हणजे पुण्याहून मोजलं तर एक कोल्हापूरच्या अलीकडे, दुसरं बेळगावच्या जरा पुढे. या जादा अंतराला घाबरून होमर सोडू नका. हॅलिबटचीच ओढ असेल तर माझं मत सरळ होमरला.

तिथली गोम मात्र भरती-ओहोटीत आहे. होमरसमोरच्या कुक इनलेट या खाडीत मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो. आपल्या रत्नागिरीला याच्या निम्माही नाही. अशा ओढीत किलोभर शिसंही तळाला टिकत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं पंचांग बघा आणि अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस धरा. या दिवसांतल्या भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, भरतीला पाण्याची ओढ कमी असते आणि ते जास्त वेळ थबकतं. बोटवाले समुद्राखालच्या उंचवट्याची कड, म्हणजे खोली एकदम बदलते ती जागा, शोधून नांगर टाकतात. आमिषाचा वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि मासा वास काढत येतो. तासभर काही लागलं नाही म्हणून जागा बदलायचा हट्ट धरू नका, वासाची वाट तुटते.

आणखी एक. तिथे गोल गरी वापरतात, टोक आत वळलेलं. आपल्या हाताला सवय झटका द्यायची. इथे झटका दिलात की गरी तोंडातून मोकळी बाहेर येते. काठी डुलायला लागली तरी गप्प बसायचं. ती पूर्ण वाकली की रीळ फिरवायला घ्यायचं. गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते.

सेवर्डला मासेमारीची जागा गाठायलाच दोन-तीन तास जातात आणि पुढे उघडा समुद्र. बोट लागत असेल तर विचार करा. पण बरोबर गळात रस नसलेली मंडळी असतील तर सेवर्डच. अँकरेजहून उन्हाळ्यात रेल्वे आहे, आणि तुम्ही समुद्रात असताना घरचे दुसऱ्या बोटीनं हिमनद्या, देवमासे बघून येतील. होमरला त्यांनी दिवसभर काय करायचं, हे मला तरी सांगता येणार नाही.

नॉर्वेचा हिशोब निराळा. शेंगेन व्हिसा, ऑस्लोहून विमानानं बोडो. तिथून ३० किलोमीटरवर सॉल्टस्ट्राऊमेनची अरुंद सामुद्रधुनी, जगातल्या सर्वांत जोरदार भरतीप्रवाहांपैकी एक. तिथला हॅलिबट अटलांटिकचा, वेगळ्या जातीचा. तो उथळ वाळूवरही मिळतो, पंधरा-वीस मीटरवरसुद्धा. नांगर न टाकता बोट वाहू द्यायची आणि रबरी मासा तळालगत खेळवायचा. समुद्रात हौशी गळासाठी परवाना लागत नाही, पण दोन मीटरपेक्षा लांब मासा सोडून द्यावाच लागतो. स्वतः बोट हाकता येणाऱ्या, काठीवर हात बसलेल्या माणसाची ही जागा. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं या फंदात पडू नये.

अलास्कात सोळा वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला परवाना लागतो. शिवाय चार्टर, म्हणजे भाड्यानं ठरवलेल्या, बोटीवर आठवड्यातल्या ठरावीक वारी हॅलिबट ठेवता येत नाही, आणि हे वार दरवर्षी नव्यानं ठरतात. तेव्हा पंचांगात तिथी सापडली की पैसे भरण्याआधी बोटवाल्याला त्या तारखेचा वार चालतो का, ते विचारून घ्या.