पीएसए टेस्ट, घरून सॅम्पल : २ स्टार, तेही रक्त घ्यायला आलेल्या पोराचे

बाबा ६८ चे, रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते म्हणून एका लॅबचं सीनियर सिटिझन पॅकेज घेतलं, त्यात पीएसए होतं, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायची रक्ततपासणी. पोरगा मानेवाड्याला आमच्या घरी सकाळी ७ ला बरोबर हजर, हात इतका हलका की सुई गेलेली बाबांना कळलीच नाही. त्याला पूर्ण मार्क.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. टोटल पीएसए ६.८, समोर जाड लाल अक्षरात 'हाय', बाजूला नॉर्मल ० ते ४. बस, एवढंच. आई देवाजवळ जाऊन बसली, बाबांनी ताट तसंच सरकवलं, आणि मी कस्टमर केअरला फोनवर फोन लावून राहिलो तर तिकडून एकच, "सर डॉक्टरांना दाखवा". अहो दाखवणारच आहे, पण रात्री ९ ला कोणाला दाखवू?

दुसऱ्या दिवशी धंतोलीत युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी बाबांनाच विचारलं, "काकाजी, एवढ्यात लघवीला जळजळ, ताप वगैरे?" होता ना! तीन आठवड्यांआधीच युरिन इन्फेक्शन होऊन गोळ्यांचा कोर्स झाला होता. मग त्यांनी समजावलं की पीएसए प्रोस्टेट ग्रंथीच बनवते, कॅन्सर असो नसो, त्यामुळे इन्फेक्शन झालं, सूज आली, वयानं ग्रंथी वाढली, कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तरी आकडा चढतो. ४ ची रेषा सगळ्या वयांना सरसकट लागत नाही. ४ ते १० च्या मधे असलं तर फ्री पीएसएची टक्केवारी (एकूण पीएसएपैकी रक्तात मोकळं फिरणारं किती) कामी येते, २५ च्या वर असली तर बराच दिलासा, १० च्या खाली असली तर पुढची तपासणी लवकर. पण बाबांचं इन्फेक्शन ताजं, म्हणून आधी सहा आठवडे थांबून परत टेस्ट, तीही त्याच लॅबमधून, कारण किट बदललं की आकडाही थोडा हलतो. टेस्टच्या आधी दोन दिवस सायकल बंद (बाबा रोज तुकडोजी पुतळ्यापर्यंत सायकलनं जातात) आणि नवरा-बायकोचे संबंधही नकोत. आमच्या लॅबनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी ३.४ आलं. त्या दिवशी आईनं शिरा केला.

पण मला जास्त राग आला तो शेजारच्या काकांचा रिपोर्ट पाहून. याच लॅबचा, पीएसए २.९, काळ्या अक्षरात, नॉर्मल, काका खुश. ते दोन वर्षांपासून ड्युटास्टेराइड ही वाढलेल्या प्रोस्टेटची गोळी घेतात, आणि त्या गोळीनं पीएसए साधारण अर्ध्यावर येतं, म्हणजे खरा आकडा दुप्पट धरायचा. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर तो कागद कपाटात गेला असता. काकांचं परवा एमआरआय आहे.

तुमच्या फॉर्मवर शुगर-बीपीच्या गोळ्यांचा रकाना आहे, त्याच्याच खाली प्रोस्टेटच्या गोळीचा आणि इन्फेक्शनचा टाका, तो येईपर्यंत माझे २ स्टारच राहतील.