फोटोला पाच स्टार, प्रिंटला दोन

अमेरिकन फोटोग्राफर लुईस हाइनचा तो फेमस फोटो, १९२० मधला, पॉवरहाउसमधला मेकॅनिक स्टीम पंपावर पाना लावतोय तो, आमच्या भोसरीच्या वर्कशॉपसाठी ऑनलाइन मागवला, १२ बाय १८ फ्रेमसकट. पॅकिंग एक नंबर, काच शाबूत, डिलिव्हरी वेळेत. पण प्रिंट बघून डोकंच फिरलं.

एकतर जुना दिसावा म्हणून उगाच चहाचा रंग चढवलाय. अरे मूळ फोटो काळा-पांढरा आहे, त्यात लोखंडाची चमक आणि घामट दंडाची चमक जवळपास सारखी दिसते, तीच तर मजा आहे! दुसरं म्हणजे साइजमध्ये बसवायला दोन्ही बाजू कापल्यात. त्या माणसाची पाठ वाकलीये ती बरोबर मागच्या गोल फ्लँजच्या (नट-बोल्टने आवळायची लोखंडी कड) वळणावर, भोवती हे मोठाले नट, आणि नेमका तो गोल कडेला छाटला गेलाय, मग उरतो नुसता जिममधला बॉडीबिल्डर.

आमच्या फिटरला दाखवला तर म्हणाला, शेठ, असा पाना मारला तर संध्याकाळपर्यंत कंबर धरेल ह्याची. बरोबरच आहे, पोज देऊनच काढलाय तो, केस बघा ना किती चापूनचोपून. पण मला नै वाटत त्याने फोटो खोटा ठरतो. हाच हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या सूतगिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत फिरला होता, मशीन माणसाचं काय करतं ते त्याने जवळून बघितलेलं. नंतर मुद्दाम उलटी बाजू दाखवायला घेतली, की मशीन आपोआप चालत नाही, मागे कोणाचे तरी हात असतात. आता इथे माणूस मशीनचा मालक वाटतो की तिचाच एक पार्ट, ह्यावरून आमच्याकडे चहाच्या वेळी रोज वाद होतो, मी मालक म्हणतो, आणि बाकीचे माझ्याकडे बघून हसतात.

घ्यायचाच असेल तर असा रेडीमेड घेऊ नका. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजकडे हा फोटो आहे, फुकट डाउनलोड होतो, जवळच्या लॅबमध्ये मॅट पेपरवर काढा आणि क्रॉप करू नका म्हणून दोनदा बजावून सांगा. काच पण नॉन-ग्लेअर घ्या, वर्कशॉपमध्ये साध्या काचेत मेकॅनिक कमी आणि ट्यूबलाइटच जास्त दिसते.