घरी बांधलेली १५ फुटी कॅनू : कर्ली खाडीतल्या ११ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत नारळ फोडून कॅनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या पाण्यात उतरवली. मेअखेरपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी वल्हवली, पावसाळाभर पडवीच्या वाशांना टांगून ठेवली आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाहेर काढली. आता डिसेंबर लागलाय. बांधताना मला सगळी धास्ती आकाराची आणि मजबुतीची होती. त्या दोन्हींनी एकदाही दगा दिला नाही. दगा दिला तो एका भोकाने आणि वरच्या पॉलिशने. म्हणून बांधणीचं आटोपशीर सांगतो आणि फिनिशिंगबद्दल सविस्तर लिहितो.

पद्धत शिवून चिकटवण्याची. प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, आतून सांध्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारी चिकट राळ) आणि बारीक भुशाचा लगदा भरायचा. तो कडक झाला की तारा काढून सांध्यांवर काचकापडाच्या, म्हणजे फायबरग्लासच्या कापडाच्या, पट्ट्या बसवायच्या. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ‘मिरर’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीमुळे ही पद्धत घरोघरी पोचली. आपल्या किनाऱ्याला शिवलेली नाव काही नवी नाही. काथ्याने फळ्या शिवायची रीत इथे फार जुनी. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ अजिंठ्याच्या चित्रावरून असंच शिवून बांधलंय. त्या जहाजाचा जीव शिवणीत आहे. माझ्या कॅनूत तारा फक्त आठवडाभर होत्या, पण त्या आवळताना सपाट प्लाय वळून होडीचा आकार धरू लागते, ते बघताना मी आणि लेक दोघंही काम सोडून नुसते उभे राहिलो होतो.

प्लाय ६ मिमीची, ८ बाय ४ ची तीन शीट, मरीन दर्जाची, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाची. या मानकात प्लाय ७२ तास उकळून तपासतात. मी घरी तेवढं केलं नाही, पण प्रत्येक शीटचा एकेक तुकडा संध्याकाळभर चुलीवर उकळला. थर सुटले नाहीत. तरीही एका शीटच्या पोटात पोकळी निघाली, कापल्यावर कडेला बोटभर फट दिसली. दुकानदाराने शीट परत घ्यायला नकार दिला. शिक्का बघून थांबू नका. शीट उभं धरून चारही कडा बघा आणि बोटाच्या पेरांनी ठोकत जा. पोकळ जागी आवाज बदलतो.

६ मिमी घेतली याचा पश्चात्ताप मात्र आहे. तयार कॅनू ३८ किलो भरली. ती उचलायला दोन माणसं लागतात आणि एकट्याने पाण्यावर जायची हौस तिथेच संपते. पुन्हा बांधली तर बूड ६ मिमीचं आणि बाजू ४ मिमीच्या करीन. दोन्हीकडून काचकापड असल्यावर बाजूंना एवढी जाडी लागत नाही.

इपॉक्सीचं तंत्र आपल्या हवेत वेगळं जमवावं लागतं. सकाळी लावलं तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे येतात. त्यावर उपाय म्हणजे तापमान उतरत असताना लावायचं, म्हणून लोक संध्याकाळ सांगतात. पण खाडीकाठी संध्याकाळी दमट हवा येते आणि ओल्या थरावर तेलकट साय धरते. मला दुपारी चार ते सहा हीच वेळ मानवली. ती साय घासायच्या आधी पाण्याने आणि काथ्याने धुऊनच काढायची. तशीच पॉलिश पेपरने घासली तर पुढचा थर धरत नाही. मिश्रण खोल मग्यात ठेवू नका. माझा एक मगा एप्रिलातल्या उन्हासारखा तापला, धूर निघाला आणि पाव किलो माल दगड झाला. पसरट ताटलीत ओतलं की वेळ मिळतो. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. मी चौथ्या दिवशी घातले आणि मनगटावरची खाज दोन महिने गेली नाही.

आता पॉलिश. बाहेरून बुडाला पांढरा रंग दिला, पण बाजू मला लाकडाच्याच दिसायला हव्या होत्या. इपॉक्सी पाण्याला भीत नाही, उन्हाला भिते. उन्हात ती पिवळी पडते, मग पिठासारखी सुटते. तिच्यावर ऊन अडवणारं व्हार्निश हवंच. मी घरातल्या फर्निचरला मारतात ते पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निश आणलं, कारण दुकानात तेच पुढे केलं आणि चमक बघून मीही भुललो. फेब्रुवारीत कॅनू आरशासारखी होती. मेमध्ये काठालगत पापुद्रे उठले, नखाने ओढले तर पट्टीच्या पट्टी निघायची. मग सगळं घासून काढलं, चार सुट्ट्या त्यात गेल्या. बाहेरच्या कामासाठी असलेलं, अतिनील किरण अडवणारं व्हार्निश पाच हात दिलं, प्रत्येक हाताच्या मधे ३२० नंबरच्या कागदाने हलकं घासून. ते आजवर तसंच आहे. पैसे दीडपट लागले, पण आधीच आणलं असतं तर एकूण खर्च कमीच झाला असता. सगळा धरून तो ३४ हजारांवर गेला, त्यात या दुरुस्तीचे साडेतीन.

आणि ते भोक. पाण्यात उतरवायच्या सकाळी भरती साडेदहाची होती, माणसं जमली होती आणि नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधायला जागाच ठेवली नव्हती. मी ड्रिल आणलं, तिथल्या प्लायमधून १२ मिमीचं भोक पाडलं, आत बोटाने व्हार्निश फिरवलं आणि दोर ओवला. वळवाचे पाऊस कॅनूवर पडले, मग पडवीत पावसाळाभर झड येत राहिली. ऑगस्टमध्ये खाली उतरवली तेव्हा व्हार्निशखाली भोकापासून वीतभर चहाच्या रंगाचा डाग पसरलेला, मधोमध काळा. अंगठ्याचं नख दाबलं तर रुतलं आणि पाण्याचा थेंब वर आला. इतकी काळजी घेतलेल्या कॅनूत पाणी शिरलं ते एवढ्याशा जागेतून, प्लायच्या उघड्या कडेवाटे. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं, हे इकडचे होडीवाले पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मला ते तेव्हा पटलं.

दुरुस्ती अशी केली : मऊ लाकूड सगळं कोरून भोक २५ मिमीचं केलं, शेजारी ६० वॅटचा दिवा लावून तीन आठवडे सुकू दिलं, कडांना पातळ इपॉक्सी पाजली आणि मग भुशाचा घट्ट लगदा भरला. दुसऱ्या दिवशी त्या लगद्याच्या मधोमध १२ मिमीचं भोक पाडलं. आता दोर घासतो तो इपॉक्सीला, लाकडापर्यंत पाणी पोचतच नाही. त्यानंतर कॅनूवरचा प्रत्येक स्क्रू काढून त्याचं भोक असंच करून घेतलं.

पाण्यावर कॅनू गुणाची आहे. सरळ जाते, दोन माणसं आणि डबा-पाणी घेऊन वीतभरही बुडत नाही. पहिल्या दिवशी धक्क्यावरच्या एका आजोबांनी विचारलं होतं, “हेका उलांडी खंय?” त्यांच्या होडीला उलांडी, म्हणजे बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेला ओंडका, तोल देते. इथे बूड सपाट आणि ३२ इंच रुंद आहे, बसूनच वल्हवायचं. पोरं उभी राहिली की डुलते. उधाणाच्या दिवसांत दुपारी ओहोटी लागते आणि समोरून समुद्रावरचा वारा येतो. तेव्हा खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात आणि उंच नाळेला वारा लोटतो. एकदा नेरूरपारच्या अलीकडे आम्हाला काठाला लागून तासभर थांबावं लागलं. आता त्या दिवसांत सकाळीच जातो. दोन्ही टोकांना बंद कप्पे आहेत. छातीभर पाण्यात कॅनू मुद्दाम भरून बघितली, बुडाली नाही. तरी लाइफ जॅकेटशिवाय लेकीला नेत नाही. टांगून ठेवताना त्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवतो.

बुडाची खरी परीक्षा कालवांनी, म्हणजे खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांनी, घेतली. ओहोटीला खडकावरून ओढली तेव्हा चार हात लांब चरे पडले, एके ठिकाणी रंगाखालचं काचकापड दिसलं. लाकूड वाचलं. तिथे इपॉक्सीचा हात देऊन रंग मारला. पुढच्या आठवड्यात बुडाला मधोमध सागाची पट्टी लावतोय, भविष्यात खडकाला तीच आधी लागावी म्हणून. साग तेलकट असतो, तेव्हा चिकटवायच्या आधी थिनरने पुसायचाय. आणि तिच्या स्क्रूंची भोकं आजच इपॉक्सीने भरून ठेवलीत.